वजन नको, टंच सांग

चि. ताईस,

परवा तुझा फोन आला तेव्हा भट्टी पेटलेली होती आणि मुशीत माल होता. मूस अर्ध्यात सोडून बोलता येत नाही, म्हणून ‘नंतर करतो’ म्हणालो. नंतर म्हणजे आज. फोनवर हे नीट सांगताही आलं नसतं. तू मधेच ‘हो आबा, हो आबा’ करायला लागलीस की मला कळतं, पोरीचं लक्ष कढईत आहे. म्हणून लिहून पाठवतो. निवांत वाच, जावईबापूंनाही वाचायला दे.

तू म्हणालीस, बाळीच्या नावानं वीस वर्षांसाठी काही करायचं आहे, आणि बँक साडेसहा टक्के देतेय, ठेवू का?

आपल्या गलाईच्या धंद्यात गिऱ्हाईक येतं, पुडी सोडतं आणि म्हणतं, ‘सत्तर ग्राम है, ताऊ.’ पानिपतात मला सगळे ताऊच म्हणतात. सत्तर ग्रामचं मला काय कौतुक? वजन काट्यावर दिसतंच. मी विचारतो टंच. दागिना वितळला की लाख जळते, खडे निघतात, सांध्यातला हलका धातू वेगळा होतो, आणि मग कळतं की सत्तरात सोनं किती होतं. मधे जे गेलं ती घट. पन्नास वर्षं मी लोकांना त्यांची घट दाखवतोय आणि पन्नास वर्षं लोक माझ्याकडे चोरासारखं बघतात.

बँकेनं सांगितलेले साडेसहा टक्के हे वजन झालं. आता टंच काढू. एक लाख ठेवलेस. वर्षाला साडेसहा हजार आले. तुम्ही दोघंही कराच्या वरच्या पायरीवर. तीस टक्के आणि त्यावरचा उपकर धरून दोन हजार अठ्ठावीस सरकारचे. तुझ्या हातात राहिले चार हजार चारशे बहात्तर. इकडे जो बाजार लाखात येत होता त्याला महागाई पाच टक्के धरली तर एक लाख पाच हजार लागायला लागले. म्हणजे वर्षभर पैसा अडकवून, पावती जपून, तू पाचशे अठ्ठावीस रुपयांनी गरीब झालीस. पासबुकात मात्र आकडा वाढलेला दिसणार, आणि माणूस फसतो तो तिथेच.

तू म्हणशील, पाच टक्के कशावरून? २०२५ च्या ऑक्टोबरात किरकोळ महागाई अर्ध्या टक्क्याच्याही खाली आल्याचं पेपरात होतं. खरं आहे. पण २०२२ च्या एप्रिलात तीच पावणेआठ टक्क्यांवर होती, आणि २०१३ च्या हिवाळ्यात दोन आकडी. पोरीच्या शिक्षणाचा हिशेब एका महिन्याच्या आकड्यावर करायचा नसतो. जानेवारी २०१४ ते जानेवारी २०२४ या दहा वर्षांत सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक वर्षाला सरासरी पाच टक्क्यांनी चढला. रिझर्व बँकेला कायद्यानं दिलेलं लक्ष्य चार टक्क्यांचं, वर-खाली दोनची मुभा. म्हणून मी पाच धरतो. ज्याला सावध राहायचं त्यानं सहा धरावं. सहा टक्क्यांनी बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. बहात्तरला टक्क्यांनी भागायचं, उत्तर वर्षांत येतं. हा भागाकार मला इथल्याच एका बनियानं शिकवला आणि त्याबद्दल एक कप चहा घेतला.

आणि निर्देशांक म्हणजे सगळ्या देशाचं ताट. २०१२ च्या पायावरच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन शेकडा ४६ च्या आसपास होतं. तुझ्या घरात पगाराचा निम्मा भाग डाळ-तांदळावर जातो का? तुझा जातो घरहप्ता, पाळणाघर आणि डॉक्टरवर. म्हणून मी स्वतःची वही ठेवतो. दरवर्षी १४ जानेवारीला, काला आंबच्या युद्धस्मारकाला जाऊन आलो की, दूध, तूरडाळ, गूळ, डॉक्टरची फी, शाळेची फी आणि सोनं, एवढे सहा भाव लिहितो. तुझ्या आजीनं या वहीला ‘आबांचं रडगाणं’ असं नाव ठेवलं होतं. २०१५ साली तूरडाळ दोनशेच्या घरात गेली तेव्हा मात्र तिनंच वही मागून घेतली.

ही सवय माझी नव्हे, माझ्या आईची. तिला लिहिता येत नव्हतं, पण हिशेब पक्का. माझे आजोबा खानापूर तालुक्यात एका बड्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. साल पाडव्याला ठरायचं: इतकी पोती जोंधळा, दोन धोतरं, एक घोंगडं, पायताण, आणि वर थोडे रुपये. पुढं वडलांच्या वेळेला मालक म्हणाला, ‘पोत्यांचा व्याप कशाला, सगळे रोखच घे की.’ वडील खूश. हातात नोटा आल्या की माणूस स्वतःला मालक समजायला लागतो. त्यानंतर बहात्तरचा दुष्काळ पडला. ठरलेले रुपये तेवढेच राहिले, जोंधळ्याचा भाव आभाळाला गेला. मालकाच्या कणगीत जोंधळा होता, आमच्या घरात नोटा. आई त्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि संध्याकाळी सुकडी घेऊन आली. १९७४ साली मी चुलत्यांच्या मागं पानिपतला निघालो तेव्हा एसटीत बसवताना तिनं सांगितलं, ‘शब्द देशील तो रुपयात दे, घेशील तो जोंधळ्यात घे.’ त्या वर्षी देशातली महागाई पंचवीस टक्क्यांच्या वर गेली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तुझा अमेरिकेतला काका दोन वर्षांमागं आला होता, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘आबा, आजीच्या या युक्तीला आमच्याकडे बाँड म्हणतात.’ त्याच्याकडून कळलं ते असं. १७८० साली तिथं स्वातंत्र्ययुद्ध चाललं होतं, कागदी पैशाचा पार पाचोळा झाला होता आणि सैनिक पगारावर चिडले होते. तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्यानं सैनिकांना असे रोखे दिले की परतफेडीच्या दिवशी पाच बुशेल मका, ६८ पूर्णांक चार-सप्तमांश पौंड गोमांस, दहा पौंड लोकर आणि सोळा पौंड जोड्याचं चामडं यांना जेवढी किंमत पडेल, त्या हिशेबानं पैसे मिळतील. चार-सप्तमांश पौंड! हिशेब लिहिणारा कारकून आपल्या कुलकर्ण्यांपैकीच असणार. १९७५ साली इंग्लंडात महागाई पंचवीस टक्क्यांकडे गेली तेव्हा तिथल्या सरकारनं निवृत्त माणसांसाठी निर्देशांकाला बांधलेली बचतपत्रं काढली. लोक त्यांना ‘आजीबाईंचे रोखे’ म्हणायचे. अमेरिकेत १९९८ पासून साध्या माणसाला असा बचतरोखा मिळतो, वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यावरचा दर साडेनऊच्याही वर गेला आणि तुझ्या काकानं तेव्हा घेतला. मला सांगितलं नाही, नाहीतर मी आशीर्वाद दिला असता.

तो १७८० चा रोखा आणि आपलं पानिपत यांत एकोणीस वर्षांचं अंतर. पगार हाच इथलाही प्रश्न होता. १७६० च्या पावसाळ्यात दिल्लीत भाऊसाहेबांचा पैसा संपला. फौजेला द्यायला काही नाही, पुण्याहून येणारं अपुरं. मग दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडले. गलाई करणाऱ्या माणसाला त्या छताचा विचार आला की हात शिवशिवतात, खोटं कशाला बोलू. पण ते रुपये फौजेच्या खर्चापुढं किती टिकणार? आणि पुढं पानिपतावर अब्दालीनं रसद तोडल्यावर अशी वेळ आली की रुपया असून त्याचं पीठ मिळेना. गोविंदपंत बुंदेले रसदेच्या कामावर होते, ते डिसेंबरात मारले गेले. नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी. छावणीत लाखभर तोंडं, दाण्याला मोताद. १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं उपाशीपोटी उतरली. आपण तोफांची, विश्वासरावांच्या गोळीची चर्चा करतो. मी या गावात पन्नास वर्षं राहून सांगतो, त्यांना आधी भावानं मारलं.

आणि ती चिठ्ठी. पेशव्यांना खबर पोचली ती सावकारी हिशेबाच्या भाषेत: मोती किती गळाले, मोहरा किती गेल्या ते मोजून, आणि खुर्द्याची मात्र मोजदाद नाही. मराठी माणूस ती पाठ म्हणतो आणि मोत्यांपाशी डोळे पुसतो. मी खुर्द्यापाशी थांबतो. घरात मोत्यांचा हिशेब सगळे ठेवतात: फ्लॅट, गाडी, लग्नातलं सोनं. महागाई खुर्द्यातून जाते. दुधाच्या पिशवीला दोन रुपये, रिक्षाला पाच, फीला दहा टक्के. त्याची गणती कुणी ठेवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे जोंधळ्यात बोलणारा रोखा मिळतो का?

एकदा मिळाला होता, आणि मी घेतला होता. २०१३ च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी तसं जाहीर केलं. आधी जूनमध्ये निघाले ते घाऊक किमतीला बांधलेले, वर १.४४ टक्के. ते माझ्या कामाचे नव्हते. मी तूरडाळ घाऊक घेत नाही. पुढं २०१५ साली घाऊक महागाई शून्याखाली गेली आणि त्याच वर्षी डाळ दोनशेला होती, यावरून काय ते समज. नंतर २३ डिसेंबर २०१३ ला रिझर्व बँकेनं किरकोळ भावाला बांधलेला, खास घरगुती माणसासाठीचा रोखा विक्रीला काढला. मुदत दहा वर्षं. ग्राहक निर्देशांकानं जेवढी महागाई येईल तेवढी अधिक दीड टक्का. महागाई शून्याखाली गेली तरी दीड टक्का पक्का. व्याज सहामाहीनं मुद्दलात मिळायचं आणि सगळं शेवटी एकदम हातात. कमीत कमी पाच हजार, जास्तीत जास्त आधी पाच लाख, मग ती मर्यादा दहा लाख केली. म्हाताऱ्यांना, म्हणजे पासष्टच्या पुढच्यांना, वर्षानंतर काढायची सोय. बाकीच्यांना तीन वर्षांनी, शेवटच्या व्याजातली निम्मी रक्कम कापून.

मी बँकेत गेलो. कुठल्या ते सोड. काउंटरवरच्या पोराला त्या रोख्याचं नावच माहीत नव्हतं. त्यानं साहेबांना विचारलं. साहेबांनी मला विम्याची पॉलिसी काढायला सुचवली. तीन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या वेळी रिझर्व बँकेच्या पत्रकाची छापील प्रत घेऊन गेलो, तेव्हा फॉर्म निघाला. देशभर या रोख्याला गिऱ्हाईक कमीच होतं, मुदत मार्चअखेरपर्यंत वाढवावी लागली. २०१४ च्या फेब्रुवारीत मी दोन लाख घातले.

तुझा बाप तेव्हा म्हणाला, ‘आबा, मुदतठेवीला नऊ टक्के मिळतायत, हे काय घेऊन बसलात?’ आणि त्याच हिवाळ्यात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, हुडको यांचे करमुक्त रोखे साडेआठ-नऊ टक्क्यांच्या घरात मिळत होते, ते मी घेतले नाहीत. मला वाटलं होतं, महागाई दहा टक्क्यांवरच राहणार. ती उतरली. कच्चं तेल पडलं, रिझर्व बँकेनं लगाम ओढला. दहा वर्षांची सरासरी पाच, वर दीड, साडेसहाच्या आसपास. २०२४ च्या फेब्रुवारीत दोन लाखांचे पावणेचार लाखांच्या आसपास झाले, त्यावर करही होता. ज्यानं करमुक्त रोखे घेतले त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळालं. हे मी लपवत नाही.

पण मी चुकलो का? चुकलो ते एवढंच, की पूर आल्यावर छत्री घ्यायला गेलो. महागाई दोन आकडी असते तेव्हा तिचं भय सगळ्यांनाच असतं, आणि बाकीच्या ठेवींच्या व्याजात ते भय आधीच मोजून घातलेलं असतं. असा रोखा घ्यायचा तो महागाई निजलेली असताना, सगळे तिला विसरलेले असताना. तसा आत्ता घ्यायचा होता. पण आता तो मिळतच नाही. त्या एका विक्रीनंतर घरगुती माणसासाठी असा रोखा सरकारनं पुन्हा काढलेला नाही. परत कधी निघाला तर तुझ्या बापाचं ऐकू नकोस, दहातले दोन हिस्से पैसे घाल. तिथं नफ्याचा विचार करायचा नाही. तो विमा आहे, आणि घर जळलं नाही म्हणून विम्याचा हप्ता वाया गेला असं शहाणा माणूस म्हणत नाही.

मग आज काय? सरकारी नोकराला महागाई भत्ता आहे. आमच्या गल्लीत रिफायनरीतला एक आणि खत कारखान्यातला एक, असे दोघं राहतात. भाव वाढले की दोघं माझ्याइतकेच ओरडतात, पण त्यांचा पगार निर्देशांकाला बांधलेला आहे. जोंधळ्याचं साल अजून शिल्लक आहे ते त्यांच्याकडेच. तू खासगी नोकरीत, मी भट्टीवर. आपल्याला आपली सोय करावी लागते.

बाळीसाठी पहिलं काम सुकन्या समृद्धी. ही योजना आमच्या पानिपतची, हे तुला माहीत नसेल. २२ जानेवारी २०१५ ला पंतप्रधान इथं आले, ‘बेटी बचाओ’ची सुरुवात केली आणि त्याच मांडवात या खात्याचीही. त्या दिवशी बाजारात चिटपाखरू नव्हतं, म्हणून मी भट्टी विझवून पोस्टात कधी सुरू होणार याची चौकशी करायला गेलो, तर पोस्टमास्तरच सभेला गेलेले. तुझ्या चुलतबहिणीचं खातं तिच्या बापानं त्या वसंतात काढलं. ती तेव्हा सहा वर्षांची, यंदा बारावीला आहे. पासबुक माझ्यासमोर आहे. पहिला दर ९.१, मग ९.२, मग उतरत उतरत २०२० च्या एप्रिलात ७.६, आणि २०२४ च्या जानेवारीपासून ८.२. दर निर्देशांकाला बांधलेला नाही, तिमाहीला सरकार ठरवतं. पण व्याजाला कर नाही, आणि इथंच सगळा फरक पडतो. ८.२ मधून महागाईचे पाच काढ, तीनच्या वर शुद्ध उरतं. घरगुती सरकारी बचतीत तुझ्या पायरीवरच्या माणसाला एवढ्या टंचाचा माल दुसरा मिळणार नाही. पीपीएफ ७.१ वर आहे, तोही करमुक्त; तो सुकन्याच्या मागोमाग.

आता खाचाखोचा. खातं तू किंवा जावईबापूंनीच काढायचं. मी कितीही हौशी असलो तरी आजोबा-पणजोबांना तो अधिकार नाही, पालक जिवंत असताना. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत काढावं लागतं, पण थांबायचं कशाला, या महिन्यात काढ. वर्षाला कमीत कमी अडीचशे, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे पंधरा वर्षं भरायचे, खातं एकवीस वर्षांनी पुरं होतं. अठरा झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणाला निम्मे काढता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: व्याज मोजतात ते महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सगळ्यात कमी शिलकेवर. सहा तारखेला भरलेस तर तो महिना गेला. वर्षाचे पैसे ५ एप्रिलच्या आत, एकरकमी भरलेस तर पूर्ण वर्षाचं व्याज. लोक मार्चअखेरीला कर वाचवायला धावत जातात आणि दरवर्षी जवळजवळ वर्षाचं व्याज पोस्टात सोडून येतात.

एजंट तुला सांगेल, दीड लाखाप्रमाणे भरा, एकवीस वर्षांनी सत्तर लाखांच्या वर. हिशेब खरा आहे, ८.२ कायम राहिले तर एकाहत्तर-बहात्तर लाख होतात. पण ते वजन. पाच टक्क्यांनी एकवीस वर्षांत भाव पावणेतीन पटीच्या वर जातात. तेव्हाचे बहात्तर लाख म्हणजे आजचे पंचवीस-सव्वीस. वाईट नाहीत, पण सत्तर लाख गृहीत धरून पोरीला परदेशी पाठवायची स्वप्नं रंगवू नका.

दुसरं, सात वर्षांचे सरकारी बदलत्या दराचे बचतरोखे, जे रिझर्व बँक २०२० च्या जुलैपासून देते. राष्ट्रीय बचतपत्राच्या दरावर ०.३५ टक्के जास्त, सध्या ८.०५, व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला खात्यात. लोक याला महागाईवरचा तोडगा समजतात, पण तो महागाईला बांधलेला नाही, बचतपत्राला बांधलेला आहे. आणि २०२२ मध्ये महागाई सातच्या आसपास असताना बचतपत्र ६.८ वर गोठलेलं होतं, म्हणजे रोखा ७.१५ वर. वर पूर्ण कर. हे तुझ्या कामाचे नाहीत, ज्याला कर बसत नाही अशा तुझ्या मोठ्या आत्याच्या कामाचे आहेत. तिला मी सांगितलंय.

सोन्याचं बोललो नाही तर तू म्हणशील आबा म्हातारे झाले. सोनं माझं पोट आहे, म्हणून खरं सांगतो. सोनं महागाईची जुळी बहीण नाही. २०१२ साली तोळा, म्हणजे दहा ग्राम, एकतीस हजारांच्या आसपास होता आणि २०१८ सालीही तिथंच. त्या सहा वर्षांत बाजार तिसाहून जास्त टक्क्यांनी महागला. जे सोन्यावर बसले ते सहा वर्षं गप्प बसले. मग पुढं सोन्यानं सगळं भरून काढलं, लाखाच्या पार गेलं, आता सगळे शहाणे झालेत. मी २०१५ च्या नोव्हेंबरात पहिल्या सरकारी सुवर्णरोख्यात थोडे घातले, २,६८४ रुपये ग्राम. आठ वर्षांनी ६,१३२ नं परत मिळाले, वर दरवर्षी पावणेतीन टक्के व्याज. ना घट, ना मजुरी, ना तिजोरी. गलाईवाल्यानं कागदी सोनं घेतलं म्हणून बाजारात थट्टा झाली. २०२४ च्या फेब्रुवारीनंतर ते रोखेही निघालेले नाहीत. दागिना मात्र बचत म्हणून घेऊ नकोस. घाल, मिरव, बाळीला बिंदल्या कर. पण तो खर्चाच्या रकान्यात लिही. मोडायला येतो तेव्हा मजुरी जाते, खडे जातात, आणि बाई समोर रडत असते. त्या वेळी मुशीकडे बघून मान खाली घालणं, एवढंच माझ्या हातात असतं.

एक गोष्ट तुझ्या बापालाही माहीत नाही. १९८८ साली किसान विकासपत्र आलं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. दहा हजारांचे वीस झाले, १९९३ ला. मी पेढे वाटले. वही काढली तर त्या वीस हजारांत १९८८ चा बाराएक हजारांचा बाजार येत होता. तरीही तो सौदा चांगला होता, पोटभर टंच होता त्यात. पण ‘दामदुप्पट’ या शब्दाची मला चटक लागली. नंतर एका फायनान्स कंपनीचा माणूस आला, तीन वर्षांत दामदुप्पट म्हणाला, आणि मी तुझ्या आजीच्या पाटल्यांचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. कंपनीचं नाव कशाला, ती उरलेली नाही. पाटल्याही नाहीत. सरकारी कागद महागाईत झिजेल, पण रात्रीतून पळून जाणार नाही. महागाईच्या भीतीनं माणूस असल्या दारात जातो, त्यापेक्षा महागाईची घट हजारपट परवडते.

सगळं एकत्र सांगायचं तर बाळीच्या नावानं सुकन्या, तुमच्या दोघांच्या नावानं पीपीएफ, सहा महिन्यांचा घरखर्च मुदतठेवीत, तिथं टंच बघायचा नाही, ते पैसे हाताशी असण्यासाठी आहेत. उरलेलं जावईबापू म्युच्युअल फंडात घालतात ते घालू देत. वीस वर्षांच्या पल्ल्याला कारखान्यातला हिस्सा महागाईबरोबर चालतो, कारण भाव वाढवणारा तोच असतो. त्यातलं मला फार कळत नाही, पण हे एवढं कळतं. सगळीकडे वारसाचं नाव लाव. माझ्या २०१४ च्या रोख्यात मी तुझ्या आजीचं लावलं होतं. ती २०२१ ला गेली आणि नाव बदलायला मला पुन्हा तीन फेऱ्या झाल्या.

इथं थंडी कडक आहे. आमच्या गावात जगभरचे जुने लोकरी कोट येतात, ते फाडून, पिंजून, सूत काढून घोंगडी-ब्लँकेटं करतात. त्यातलंच एक बाळीसाठी पार्सल करतोय, उबेला चांगलं आहे, दिसण्याकडे बघू नको. सोबत पचरंगा लोणच्याची बरणी आहे.

आणि पार्सलात एक कोरी वही ठेवली आहे. येत्या १४ जानेवारीला पुण्यातला दुधाचा, तूरडाळीचा, गुळाचा आणि बाळीच्या डॉक्टरचा भाव तिच्या पहिल्या पानावर लिही, आणि मला फोटो पाठव. सोन्याचा मी सांगतो.

तुझा,
आबा